साहेब, तिळगुळ मिळाला. पगाराचं तेवढं बघा

सन्माननीय मालकसाहेब यांसी,

अकाउंट्समधल्या आपल्या आज्ञाधारक सेवकाचा सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

पत्रास कारण की, संक्रांतीच्या दिवशी आपण स्वतः शॉपफ्लोअरवर आलात, प्रत्येकाच्या हातावर तिळगुळाचं पाकीट ठेवलंत आणि ‘गोड बोला’ म्हणालात. अकरा वर्षांत आपली एकही आज्ञा मी मोडली नाही, ही तरी कशी मोडेन? या पत्रात कडू शब्द सापडणार नाही. तारखा आणि आकडे मात्र जसेच्या तसे लिहितो. आपणच मला त्यासाठी नोकरीवर ठेवलं आहे.

त्या दिवशी 14 जानेवारी होती. डिसेंबरचा पगार 7 तारखेपर्यंत व्हायला हवा होता.

ड्रिलवरच्या मामांनी ते पाकीट तिथं फोडलं नाही. हात पुसले, पाकीट डब्याच्या पिशवीत नातीसाठी ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या केबिनच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, ‘‘पोरीच्या व्हॅनवाल्याचा दोन महिन्यांचा हिशेब राहिलाय. त्याला काय सांगू?’’ चोवीस वर्षं आपल्या कारखान्यात उभं राहून काम केलेला माणूस माझ्याकडे बघत नव्हता, खाली फरशीकडे बघत होता. पगार त्यांचा थकला होता आणि लाज त्यांनाच वाटत होती. साहेब, हे पत्र मी त्या दिवशीच लिहायला घेतलं.

सर्वप्रथम दिवाळीबद्दल मनापासून आभार. सप्टेंबरचा पगार आपण 18 ऑक्टोबरला, ऐन धनत्रयोदशीला दिलात. मुहूर्त किती अचूक! माणसं इतकी सुखावली की तो आपलाच मागच्या महिन्याचा पगार आहे हे विसरून दोघातिघांनी आपल्या पाया पडून ‘दिवाळी गोड केलीत’ असं सांगितलं. अकरा दिवस उशिरा दिलेल्या हक्काच्या पैशाला बक्षिसाचा मान मिळवून देणं येरागबाळ्याचं काम नाही.

पुढचा क्रमही मी नोंदवून ठेवला आहे. ऑक्टोबरचा पगार 24 नोव्हेंबरला झाला. नोव्हेंबरचा झाला तो 2 जानेवारीला. महिना संपल्यापासून मोजलं तर अठरा दिवस, मग चोवीस, मग तेहतीस. वर्ष बदललं तरी पगार मागच्याच वर्षाचा.

आपण आमच्यावर टाकलेल्या विश्वासाबद्दलही आभार मानायला हवेत. माणूस उसने पैसे मागतो ते विश्वासातल्या माणसाकडेच. आम्ही अडतीस जण. पगाराची सरासरी वीस हजार धरली तर महिन्याला 7 लाख 60 हजार रुपये होतात. एक महिना पगार लांबवला की तेवढी रक्कम आपण आमच्याकडून वापरायला घेता. जामीन नाही, कागद नाही, व्याज नाही, आणि मुख्य म्हणजे विचारणाही नाही. व्यवहारात याला उसनवारी म्हणतात. म्हणजे आज आपण ऋणको आणि मामा धनको. केबिनच्या दाराशी खालमानेनं उभं कुणी राहायचं, याचा विचार यातून करावा.

आपल्या कॅश क्रेडिटवर बँक साडेदहा टक्के लावते. ते व्याज दरमहा मीच खात्याला टाकतो, म्हणून आकडा तोंडपाठ आहे. 7 लाख 60 हजारांवर महिन्याचं व्याज होतं 6,650 रुपये. पगार महिनाभर अडकवून आपण वाचवता ते एवढे. आता आमची बाजू. पगार नसल्यामुळे ज्याचा हप्ता परत जातो, त्याच्या खात्यातून बँक 590 रुपये कापते. डिसेंबरात आमच्यातल्या बारा जणांचे हप्ते परत गेले. बारा गुणिले 590 म्हणजे 7,080. आपले 6,650 वाचावेत म्हणून बारा घरांतून 7,080 रुपये गेले. उरलेल्या सव्वीस जणांच्या घरात काय झालं ते यात धरलेलंच नाही. कुणी पतसंस्थेत अंगठी ठेवली, कुणी शेकडा तीनने पैसे उचलले, कुणाची भिशी चुकली. माझ्या घराजवळच्या किराणावाल्यानं वही बंद केली नाही. फक्त माझं पान काढून त्याच्यावर पेन ठेवलं आणि वर पाहिलं. मला तेवढं पुरे झालं.

कंपनीची अडचण मला माहीत नाही असं कृपया समजू नये. चाकणच्या मोठ्या पार्टीकडून पेमेंट वेळेवर येत नाही हे खरं आहे. लहान कारखानदाराचा गळा तिथं आवळला जातो हेही खरं आहे. पण पैसे आले की ते कुठल्या क्रमानं जातात, हे मी रोज लिहितो. आधी स्टीलवाला, कारण तो माल थांबवतो. मग महावितरण, कारण ते वीज तोडतं. मग जीएसटी, मग बँकेचा हप्ता, कारण तिकडून नोटीस येते. सगळ्यांचं झालं की पगार. जो थांबवू शकतो त्याला आधी आणि जो सकाळी आठला येऊन मुकाट पंच मारतो त्याला शेवटी. आमच्या सोशीकपणाला आपण इतका मोठा मान दिलात, की थेट रांगेच्या शेवटी नेऊन बसवलंत.

याच चाकणच्या पार्टीला ऑगस्टमध्ये आपण जे पत्र धाडलंत, त्याबद्दल तर मी आपला जन्मभर ऋणी राहीन. ते आपण सांगितलंत आणि मी टाईप केलं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याचं कलम 15, लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत दिलेच पाहिजेत. कलम 16, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला मुद्दलात मिळवून, चक्रवाढ व्याज. ‘आमच्या घामाचे पैसे वापरण्याचा आपल्याला अधिकार नाही’ हे वाक्य आपण दोनदा बदलून घेतलं होतं, पहिल्यांदा ते पुरेसं कडक वाटलं नाही म्हणून. फार सुंदर पत्र होतं. अकरा दिवसांत पैसे आले.

त्या पत्राची प्रत फाईलला लावताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की असं कलम आमच्यासाठीही असेल.

होतं. किती जुनं आहे हे वाचून मीच चकित झालो. 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारच्या सुट्टीमुळे लोखंड्यांचं नाव आपल्याला ठाऊक असेलच. आपण स्वतः रविवारी फोन उचलत नाही. पण त्या निवेदनात आणखी एक मागणी होती. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. इंग्रजांच्या राज्यात, कायदा पाठीशी नसताना, गिरणीतल्या माणसांनी मागितलेली ती तारीख. पंधरा जानेवारी उलटून गेली, साहेब. एकशे चाळीस वर्षांपूर्वीची मागणीसुद्धा आपल्या कारखान्यात अजून मान्य झालेली नाही.

पुढे 1936 मध्ये वेतन प्रदान अधिनियम आला. ज्याला आपले वकील पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट म्हणतात, तो. हजाराच्या आत माणसं असतील तर पगार सात तारखेपर्यंत, हजार किंवा जास्त असतील तर दहापर्यंत. शेवटी शेवटी त्याला 24 हजारांची मर्यादा होती; त्यावर पगार असलेला माणूस त्यात बसत नसे. आमच्या क्वालिटीच्या इंजिनिअरला आपण ऑक्टोबरात हेच हसून सांगितलं होतंत, ‘‘तुला कायदा लागू नाही.’’ तेव्हा ते बरोबरही होतं. आपला अभ्यास दांडगा आहे, म्हणून त्यात थोडी भर घालतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली आहे. तिच्या कलम 17 प्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा, कारखाना लहान असो की मोठा, आणि 24 हजारांची मर्यादा आता नाही. वर्कर असो, सुपरवायझर असो की मॅनेजर, सगळे आत. इंजिनिअरनं आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

गेल्या महिन्याच्या मीटिंगमध्ये ‘‘ज्याला परवडत नसेल त्यानं दुसरीकडे बघावं’’ असं आपण मोकळेपणानं म्हणालात, त्याबद्दलही धन्यवाद. दोघं त्याच संध्याकाळी राजीनामा लिहायला बसले होते. मी त्यांना म्हटलं, थांबा. संहितेप्रमाणे माणूस सोडून गेला किंवा काढला, तरी त्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. तेव्हा जायचंच असेल तर राजीनाम्यात थकलेल्या महिन्यांचा आकडा लिहून जा, आणि पैसे हातात पडल्याशिवाय ‘सर्व हिशेब मिळाला’ या कागदावर सही करू नका. दोघंही सध्या इथंच आहेत. आपल्याला काळजी वाटू नये म्हणून कळवलं.

काही तरुण मुलं मशीन बंद करून सगळ्यांनी मिळून घरी बसू म्हणत होती. त्यांनाही मीच थोपवलं. नोटीस न देता दहा किंवा जास्त जण ठरवून गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची वाट कायदा मालकाला देतो. आधीच जो मिळत नाही तो पगार आणखी कापून घ्यायला आम्ही तयार नाही. राग येणं बरोबर आहे, पण तो कागदावर आला तर उपयोगी पडतो.

आता एक नाजूक विषय. पगाराच्या स्लिपवर प्रॉव्हिडंट फंडाचे 1,800 रुपये दरमहा कापलेले दिसतात. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर मिळून 5,400. मात्र पासबुक उघडलं तर ऑगस्टनंतर एकही नोंद नाही. प्रत्येकानं आपापल्या फोनवर उमंग ॲपमध्ये पाहिलं, जेवणाच्या टेबलावर, एकापाठोपाठ एक. मशीनशॉपमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. हे पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. उशिरा पगार ही उसनवारी म्हणता येईल. पण आमच्या हातातून कापून घेतलेला आणि फंडात न भरलेला पैसा उसनवारीतही बसत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 च्या स्पष्टीकरणात यासाठी जो शब्द आहे तो फौजदारी आहे: विश्वासघात. चलन भरण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, माझ्याकडे नाही, म्हणून तीनदा आठवण केली. त्या तिन्ही ईमेल जपून ठेवल्या आहेत. साहेब, या एका बाबतीत मला गोड बोलणं जमत नाही. ते पैसे म्हातारपणाचे आहेत. ते आधी भरा.

आम्ही काय काय केलं ते आपल्यापासून कशाला लपवायचं? कुटुंबात लपवाछपवी नसते, आणि कंपनी म्हणजे कुटुंब हे आपलंच वाक्य स्वागतकक्षात भिंतीवर लावलेलं आहे.

पहिलं काम म्हणजे पुरावे गोळा केले. नेमणूक पत्र, ओळखपत्राची झेरॉक्स, जुन्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, पंचिंगचे महिनावार उतारे. ज्याच्याकडे नेमणूक पत्रच नव्हतं, त्याच्या बँकेच्या पासबुकात कंपनीच्या नावानं जमा झालेल्या रकमा होत्या. तेवढ्याही कामी येतात. सुपरवायझरांच्या ग्रुपवर ‘पगार पुढच्या आठवड्यात नक्की’ असे आपले जे निरोप आहेत, त्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवले. आपण इतक्या नियमितपणे लेखी आश्वासनं दिलीत हे आमचं भाग्यच.

मग एक मागणीपत्र लिहिलं. मजकुरासाठी फार डोकं चालवावं लागलं नाही. आपल्याच ऑगस्टच्या पत्राचा साचा घेतला. कुणाचे किती महिन्यांचे किती रुपये, सात दिवसांत द्यावेत, एवढंच. ते 16 तारखेला आवक विभागात दिलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली, आणि तेच पत्र स्पीड पोस्टानंही धाडलं. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. माझ्याकडे येणारा प्रत्येक सप्लायर हे जाणतो. आम्हाला मात्र कळायला चार महिने लागले.

सात दिवस काल, 23 तारखेला, संपले. आपलं उत्तर आलं नाही.

यापुढचा रस्ता शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयाकडे जातो. वेतन संहितेच्या कलम 45 खाली दाव्याचा अर्ज तिथल्या प्राधिकाऱ्याकडे करता येतो. कामगार स्वतः करू शकतो, तो सभासद असलेली नोंदणीकृत युनियन करू शकते, कामगार खात्याचा निरीक्षकही करू शकतो. जुन्या कायद्यात बारा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षांची आहे. तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलं आहे. मूळ रकमेवर दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दहापट मिळेलच अशा भ्रमात आम्ही नाही; पण जुन्या कायद्यात उशिरा पगाराची भरपाई 3,000 रुपयांच्या वर जातच नसे, तेव्हाचा निर्धास्तपणा आता ठेवता येणार नाही. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत, तर जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. आणि पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. दिला नाही हे सिद्ध करत कामगारानं फिरायचं नाही.

वकिलाचा खर्च आम्हाला झेपणार नाही, असं आपण कुणाजवळ तरी म्हणाल्याचं कानावर आलं. आपली ही काळजीही मिटवतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला, आणि कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न किती आहे हे न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच या प्राधिकरणाचं कार्यालय असतं. पॅकिंगच्या ताई परवा रजा टाकून तिथं जाऊन आल्या. अर्ज एका पानाचा आहे.

साहेब, अकरा वर्षांपूर्वी आपण मला कामावर घेतलंत तेव्हा कारखान्यात चौदा माणसं आणि तीन लेथ होत्या. पहिल्या वर्षी एकदा आपण स्वतःच्या घरातले पैसे आणून सहा तारखेला पगार केला होतात. पाकिटं मीच भरली होती. त्या माणसाबद्दल मी आजही कुणाला वाईट बोलू देत नाही. म्हणूनच अर्ज देण्याआधी हे पत्र लिहितो आहे. अडचण असेल तर सगळ्यांना एकत्र बोलवा, वही समोर ठेवा, कुठल्या तारखेला किती देणार ते लिहून सही करा. फंडाचे पैसे आजच्या आज भरा. पैसे आले की रांगेत आम्हाला स्टीलवाल्याच्या पुढे उभं करा. कुणालाही तुमचा कारखाना बंद पडायला नको आहे. तो आमचाही आहे, आमचे साडेसात लाख त्यात अडकले आहेत.

सोमवारी प्रजासत्ताक दिन आहे. झेंडावंदनाला आम्ही सगळे येऊ. मंगळवारी, 27 तारखेला, सकाळी अकरा वाजता अर्ज दाखल होईल. तोवर तीन रात्री आणि तीन दिवस आहेत. बँकेचं ॲप सुट्टीलाही चालतं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला नम्र,
अकाउंट्स विभागातला एक धनको

ता. क. अर्जावर अडतीसपैकी एकतीस सह्या झाल्या आहेत. ड्रिलवरच्या मामांना पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं आहे, म्हणून आम्ही त्यांना सही मागितली नव्हती. काल सुट्टी झाल्यावर ते केबिनमध्ये आले, खुर्ची ओढून बसले आणि पेन मागितलं. यादीत सगळ्यात वरची सही त्यांची आहे. त्यासाठी वर थोडी जागा सोडलेली होती.